दावणीला बांधलेला जीव

काही वर्षांपूर्वी हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी आमच्या मंडळीत एक गोष्ट घडली. ती मी आजवर कोठे लिहिली नाही, कारण तिच्यात दोषाचा मोठा वाटा माझाच आहे. पण गेल्या महिन्यात रविवारच्या शाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी मला विचारले, “मुले म्हणतात, जनावराला त्रास दिला तर ते पाप होते का? त्यांना काय सांगावे?” मी काहीतरी उत्तर दिले. घरी आल्यावर ते उत्तर मला पोकळ वाटू लागले, आणि ती शेळी आठवली.

आमची मंडळी चिकोडी तालुक्यातील एका खेड्यातली. हंगामाचा सण म्हणजे काय हे खेड्यातल्या वाचकांना सांगावयास नको. कोणी शेर-दोन शेर जोंधळा आणतो, कोणी गव्हाचे पोते, कोणी भोपळा, उसाची मोळी, अंडी, कोंबडा. उपासना आटोपली की पटांगणात लिलाव होतो आणि एकच भोपळा तीन वेळा विकला जातो. त्या वर्षी आमच्यातल्या एका विधवा बाईंनी एक पाट आणली होती. सव्वा वर्षाची, काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके, अंगावर तकाकी. बाईंच्या दारी चार शेळ्या. त्यांतली सर्वांत चांगली त्यांनी अर्पण केली. पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेशात याचा उल्लेखही केला.

लिलावात शेजारच्या गावच्या एका गृहस्थाने ती पाट घेतली. त्याच्यापाशी मोटारसायकल होती. उद्या टेम्पो घेऊन येतो असे सांगून तो गेला. आता रात्रभर शेळी ठेवायची कोठे? व्हरांड्यात कुत्री येतात, चोराचेही भय. मीच म्हटले, “अर्पणाच्या खोलीत बांधू, कुलूप लावू, म्हणजे काळजी नाही.” त्या खोलीत जोंधळा आणि गहू होता. पोती कमी पडल्यामुळे गहू कोपऱ्यात मोकळाच ओतलेला होता. शेळीला खिडकीच्या गजाला बांधले, दार लावले आणि आम्ही घरी जाऊन आनंदाने जेवलो.

सकाळी दार उघडले तेव्हा दोर सुटलेला होता. गव्हाच्या ढिगाला मोठे भगदाड पडले होते. शेळी भिंतीला डोके लावून उभी होती, डावी कूस फुगलेली, दात खात होती. आमच्यातले एक जण म्हणाले, वारा धरलाय, ओवा आणि गूळ द्या. आम्ही दिला. पुढे कळले की गूळ देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होते. दिवेलागणीच्या आत ती मेली.

त्याच रात्री पंचांची सभा भरली. घेणाऱ्याचे पैसे परत करायचे की नाही, करायचे तर ते मंडळीच्या खात्यातून की ज्यांनी खोलीत बांधली त्यांच्याकडून, यावर दीड तास चर्चा झाली. सभेचे वृत्त मी लिहिले. त्यात माझ्या हस्ताक्षरात “अर्पणाच्या शेळीचे नुकसान” असे शब्द आहेत. आम्ही सगळ्यांनी त्या गोष्टीला नुकसान म्हटले. दुसरा शब्द कोणाला सुचला नाही, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो. मला वाटले होते, त्या पैशांबद्दल विचारतील, नाहीतर आपले अर्पण वाया गेले म्हणून रडतील. त्यांनी पदराने घोंगडे झाडले, “बसा मास्तर” म्हणाल्या, आणि तीन गोष्टी विचारल्या.

“कुठं बांधली हुती?”

मी सांगितले.

“म्होरं काय टाकलं हुतं?”

काही नाही, असे मला सांगावे लागले.

“पाणी दावलं हुतं का?”

मी गप्प बसलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “रानात असती तर मेली नसती, मास्तर. रानात गव्हाचा ढीग नसतो.”

या वाक्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. देवशास्त्राच्या पदविकेच्या तीन वर्षांत मला इतके सरळ वाक्य फारसे भेटले नाही. शेळी रानात चरते तेव्हा ती चोखंदळ असते. बोरीचे चार शेंडे, बाभळीच्या दोन शेंगा, पुढे जाऊन हिवराचा पाला. एका झुडपाजवळ ती फार वेळ थांबत नाही. मागच्या पायांवर उभी राहून वरचा पाला ओरबाडते, आणि त्यामुळे जमिनीलगतच्या गवतात जे जंत असतात त्यांपासूनही बरीच सुटते. काय खावे, किती खावे, केव्हा थांबावे, याची निवड तिची तीच करते. दाण्याचा ढीग मात्र तिच्या रानात कधी नव्हताच, म्हणून तेथे थांबायचे ज्ञान तिच्या पोटात नाही. गहू पोटात गेला की तो रवंथाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात भराभर आंबतो, आम्ल तयार होते, तेच रक्तात उतरते, आणि दिवस-दोन दिवसांत जनावर दगावते. जनावरांच्या डॉक्टरांनी हे मला नंतर समजावून दिले.

आता प्रश्न असा की आपण जेव्हा तिच्या गळ्यात दावे घालतो तेव्हा काय करतो? मला वाटते, आपण तिची निवड काढून घेतो. ती सावलीत जाऊ शकत नाही, पाण्यापाशी जाऊ शकत नाही, ओली जागा सोडून कोरड्या जागी बसू शकत नाही. हे सगळे निवडण्याचे काम त्या घटकेपासून आपल्यावर येते. दाव्याचे एक टोक तिच्या गळ्यात असते आणि दुसरे टोक खुंट्याला आहे असे आपण समजतो. खरे म्हणजे ते आपल्या हाताला असते. आम्ही ती शेळी कुलपात ठेवली ती तिच्या काळजीनेच, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण आम्ही कुलूप लावले ते घेणाऱ्याच्या मालाला. शेळीची काळजी केली असती तर कोणीतरी तिच्यासमोर पाण्याची बादली ठेवली असती.

येथे कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण पाप हे देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध होते. जनावराविरुद्ध पाप कसे होईल? जनावराशी क्रूरपणा वाईट तो एवढ्याचसाठी की त्यामुळे माणसाचे मन निबर होते. शिकलेल्या लोकांत हे मत पुष्कळ चालते. प्रेषित पौलाचाही आधार त्याला देतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात, मळणीच्या बैलाचे तोंड बांधू नये या नियमाविषयी लिहिताना, देवाला बैलांची काळजी आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न तो करतो, आणि तो नियम उपदेशकांच्या पोटापाण्याला लावतो. आम्हा उपदेशकांना हा उतारा आवडतो यात नवल नाही! पण पौलाचा युक्तिवाद नीट पाहावा. मळणाऱ्या बैलाने खावे हे आधी खरे असेल तरच राबणाऱ्या माणसाने खावे हे त्यावरून सिद्ध होते. बैलाचा हक्क खोटा ठरवला तर उपदेशकाचाही जातो. शिवाय निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या दिवसाच्या विसाव्याचे कारण देताना बैल आणि गाढव यांचे नाव दासीपुत्राच्या आणि परक्याच्याही आधी येते. त्यांना विसावा मिळावा, एवढेच कारण तेथे आहे. मालकाचे मन कोमल व्हावे असे तेथे म्हटलेले नाही. आणि योनाचे पुस्तक संपते ते निनवेतल्या पुष्कळ गुराढोरांच्या उल्लेखाने. देवाने ती मोजली होती.

पदविकेच्या अभ्यासात शिकलेल्या मोडक्यातोडक्या इब्रीचा मला फारसा उपयोग झाला नाही, पण एका ठिकाणी झाला. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात दहावे वचन नीतिमान मनुष्य आणि त्याचे जनावर यांविषयी आहे. मराठीत आपण ते दयेच्या अर्थाने वाचतो. मुळात तेथे क्रियापद आहे ते “जाणणे” या अर्थाचे, आणि जे जाणायचे ते जनावराचे “नेफेश”, म्हणजे त्याचा जीव, त्याचा श्वास, त्याची भूक. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्य जिवंत प्राणी झाला तेथेही हाच शब्द आहे. हेच दोन शब्द, जाणणे आणि नेफेश, पुन्हा एकत्र येतात ते निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात, परक्याविषयी. परक्याला छळू नका. त्याचा जीव कसा असतो ते तुम्ही जाणता, कारण तुम्ही मिसरात परके होता, असा तेथे भाव आहे.

परक्याचा जीव इस्राएल लोकांनी कसा जाणला? त्याच्या जागी राहून. मग शेळीचा जीव कसा जाणायचा? मावशींच्या गोठ्यात मला याचे उत्तर दिसले. त्याला गोठा म्हणणेही धाडसाचे आहे. घराच्या मागच्या भिंतीला टेकवलेले एक छप्पर, पत्रा जुना, त्यावर उसाचे पाचट. पण जमीन बाहेरच्या अंगाला उतरती होती आणि वर मुरूम घातलेला होता, म्हणून मूत वाहून जात होते. एका कडेला बाभळीच्या फळ्यांचे हातभर उंचीचे मचाण, पावसाळ्यात शेळ्यांनी त्यावर बसावे म्हणून. चारा जमिनीवर नव्हता. डहाळ्या बांधून आढ्याला टांगल्या होत्या. शेळी तुडवलेला, लेंड्या पडलेला पाला तोंडात घेत नाही, हे मी नंतर वाचले. मावशींना ते कोणी शिकवलेले नव्हते. करडे दुपारी डालग्याखाली. पण आधी पाजून. “म्या पैल्यांदा हितं निजून बघितलं,” त्या सहज म्हणाल्या. “वारं कुठनं येतंय ते कळाया पायजे की.” मचाण त्या रात्रीनंतर सरकवले म्हणे.

हे वाचून कोणी समजू नये की गरिबाची शेळी सुखी आणि मोठ्या शेडमधली दुःखी. तसे मुळीच नाही. २०१९ च्या पशुगणनेत भारतात १४ कोटी ८८ लाखांवर शेळ्या होत्या. त्यांतल्या कितीतरी दोन-चारांच्या संख्येने भूमिहीनांच्या आणि अल्पभूधारकांच्या दारी असतात, आणि अशा पुष्कळ दारी मी अंधाऱ्या, कोंदट, ओल्या खोपटात, हातभर दाव्याला बांधलेली जनावरे पाहिली आहेत. मालकाची त्यांच्यावर माया असते. मुलांनी त्यांना नावे ठेवलेली असतात. पण ओलीमुळे खूर सडतात, कोंदटपणाने करडांना खोकला लागतो, आणि माया बिचारी बघत बसते. एका मोठ्या शेळीला छपराखाली सुमारे दहा चौरस फूट जागा आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा लागते, बोकडाला याहून दुप्पट, असे पशुसंवर्धनाची पुस्तके सांगतात. व्यालेल्या करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजला पाहिजे. कित्येक घरांत वार पडेपर्यंत चीक देत नाहीत, तोवर करडू गारठून जाते. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते, कारण पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवताने तो रोग उठतो. पीपीआर हा शेळ्यांचा मोठा रोग भारतात प्रथम १९८७ साली तमिळनाडूत आढळला. त्याची लस एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे पुरते. खालची पापणी उलटून पाहिली आणि ती फिकी दिसली तर पोटातले जंत रक्त पीत आहेत असे समजावे. या गोष्टींना पैसा थोडा लागतो, बहुतेकींना तर लागतच नाही. जाणावे मात्र लागते. त्या वचनातले क्रियापद दयेचे नसून जाणण्याचे आहे ते मला यासाठीच महत्त्वाचे वाटते.

पण सगळेच न जाणण्यावर ढकलता येत नाही. आमच्या भागात ऊस आला आणि गायराने व बांध गेले. पूर्वी ओढ्याकाठी, माळावर शेळ्या फिरत. आता चहूकडे उसाचे फड, आणि शेळी कोणाच्या फडात शिरली की भांडण, दंड. म्हणून ती घरी बांधली जाते आणि तिच्यापुढे उसाचे वाढे पडतात, कारण तेच फुकट मिळते. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या जनावराच्या अंगातला चुना कमी होतो, हे कृषी खाते सांगून थकले. शेवरी, हादगा, सुबाभूळ बांधावर लावा असेही ते सांगतात (सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त देऊ नये), आणि तुरीचे, हरभऱ्याचे भुसकट राखून ठेवा म्हणतात. पण ज्या बाईला बांधच नाही तिने शेवरी कोठे लावावी? तेव्हा दाव्याचे टोक केवळ मावशींच्या हातात नाही. ज्याने गायरान नांगरले त्याच्या हातातही ते आहे. आमच्या मंडळीतल्या दोघा-तिघांनी ते नांगरलेले आहे आणि ते पहिल्या बाकावर बसतात, एवढे लिहून हा विषय सोडतो.

सर्वांत अवघड प्रश्न पुढे आहे. शेवटी बोकड जातो तो खाटकाकडे. मावशीही आठ-दहा महिन्यांचा बोकड बाजारात विकतात, त्यावर नातीची फी भरतात. मी मटण खातो, नाताळला तर आवडीने खातो. मग सुरी जर ठरलेलीच आहे, तर मचाण आणि मुरूम यांचा खटाटोप कशाला? एका तरुण मित्राने मला सरळ विचारले, “ज्याला कापायचे त्याच्यावर दया करणे हे ढोंग नाही का?”

ढोंग होऊ शकते, हे मी मान्य करतो. महात्मा गांधींनी दूध न घेण्याचा नेम केला होता. १९१९ साली आजारपणात कस्तुरबांनी सुचवले की नेम करताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, शेळीचे दूध घ्यायला काय हरकत आहे? त्यांनी ते घेतले. पण पुढे आत्मकथेत त्यांनी स्वच्छ कबूल केले की मी नेमाचे अक्षर पाळले, आत्मा सोडला. आपणही कायद्याचे अक्षर पाळून जनावराला दहा चौरस फूट मोजून देऊ शकतो आणि त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही असे होऊ शकते.

पण त्या तरुणाच्या प्रश्नात एक चूक आहे असे मला वाटते. मोशेच्या नियमशास्त्राने मांस खाण्याला बंदी केली नाही, तरी करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये असे सांगितले. पिलू सात दिवस आईजवळ राहू द्यावे, आई आणि पिलू एकाच दिवशी कापू नये, असेही लेवीयात सांगितले. कापणाऱ्यालाच हे नियम सांगितले आहेत. न कापणाऱ्याला ते सांगण्याचे कारणच नव्हते. म्हणजे सुरी ठरलेली असली तरी तिच्या आधीचे सगळे मोकळे सुटत नाही. बोकडाला आठ महिने मिळतात. आपल्याला सत्तर वर्षे मिळतात. त्याच्या दृष्टीने ते आठ महिनेच सारे आयुष्य आहे, आणि त्यातला प्रत्येक दिवस कोरड्या जागी की चिखलात हे दुसरेच कोणीतरी ठरवते. मरण ठरलेले आहे म्हणून जगणे कसेही चालेल, हा नियम आपण आपल्या आजारी माणसांना लावत नाही. आईबापांना तर लावूच नये.

याकोबाची एक गोष्ट मला अलीकडे फार आवडू लागली आहे. एसाव त्याला बरोबर चल म्हणतो तेव्हा याकोब सांगतो की दूध पाजणारी मेंढरे-गुरे मजबरोबर आहेत, एक दिवस जरी फार दौडवली तरी मरतील, मी त्यांच्या चालीने येतो. आता याकोब मोठा साळसूद नव्हता आणि त्याला एसावाला टाळायचेही होते, हे खरे. पण पुढच्याच वचनांत तो स्वतःला घर बांधतो आणि जनावरांसाठी खोपटे घालतो, आणि त्या ठिकाणाला नाव पडते सुक्कोथ, म्हणजे खोपटी. गावाला नाव त्याच्या घरावरून पडले नाही, गोठ्यांवरून पडले. रविवारच्या शाळेत आपण पनीएलची झटापट शिकवतो आणि हे वचन गाळून पुढे जातो.

शिक्षकांना आणखी एक विनंती. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या धड्याला आपण जी चित्रे लावतो त्यांत शेरडे काळी, शिंगे उगारलेली, दुष्ट डोळ्यांची असतात. दाखल्यात तसे काही नाही. त्या देशात मेंढरे आणि शेरडे एकत्र चरत आणि मेंढपाळ त्यांना वेगळी करीत असे, तेवढेच तेथे आहे. डावीकडच्यांना विचारलेला प्रश्न मात्र मला त्या मंगळवारी मावशींच्या अंगणात फार बोचला. खायला दिले का, प्यायला दिले का, घरात घेतले का? तो प्रश्न माणसांविषयी आहे, मी ओढूनताणून त्याला शेळीवर नेत नाही. पण मावशींनी तो वाचून पाठ केला नव्हता. त्यांना लिहितावाचता येत नाही.

त्या शिक्षिकाबाईंना मी नंतर पुन्हा भेटलो. म्हणालो, मुलांना सांगा, होय, होते. आणि त्यांना एकदा मावशींच्या गोठ्यात घेऊन जा.

पैशांचे पुढे असे झाले की निम्मे मंडळीने दिले, निम्मे मी. वृत्ताच्या वहीतला “नुकसान” हा शब्द खोडावा असे मला वाटत होते, पण पंच म्हणाले, मंजूर झालेले वृत्त खोडता येत नाही. ते बरोबरच आहे. तो तसाच आहे.

पुढच्या वर्षी हंगामाच्या सणाला मावशींनी पुन्हा शेळी आणली. या वेळी बोकड होता. काखेत शेवरीच्या पाल्याची पेंडी, हातात जर्मनची बादली. लिलाव झाला, लोक पांगले, पंचांपैकी एकाने दोर घ्यायला हात पुढे केला. मावशींनी तो दिला नाही. घेणारा निपाणीहून गाडी घेऊन येईपर्यंत, सुमारे चार वाजेपर्यंत, त्या कडुनिंबाखाली दोर धरून बसून राहिल्या. गाडी आल्यावर त्यांनी त्याला विचारले, “तुमच्याकडं कुठं बांधणार?” तो हसला, पण त्याला सांगावे लागले.